मोठी फ्रेम भिंतीवर टिकत नाहीये, खिळा दोनदा निघाला. मदत हवी आहे

रानजाई
दोनदा खिळा ठोकला, दोन्ही वेळा गिलाव्याचा खपला घेऊन बाहेर आला. बाबांनी काढलेलं जलरंगातलं चित्र आहे, वर काच आहे. दुसऱ्या वेळी मी शेजारीच उभी होते म्हणून खालून धरता आलं. घरात ड्रिल आहे. बाबा शनिवारी येणार आहेत, त्याआधी लावायचंच आहे. नेमकं काय वापरू ते सांगा, प्लीज.

खटपट्या
मोठी म्हणजे केवढी? वजन? मागे कड्या आहेत की तार? आणि मुख्य म्हणजे भिंत कसली, विटेची, काँक्रीटची की ब्लॉकची?

साधासरळ
एवढा विचार कशाला? चार इंची खिळा घ्या, डोकं वरच्या बाजूला राहील असा तिरका ठोका. आमचा आरसा वीस वर्षं तसाच आहे.

खटपट्या
@साधासरळ, तुमची भिंत पक्क्या विटेची असणार. त्यांचा खिळा गिलाव्यातच अडकलाय, आत पकड नाहीच. तिरका ठोकून काय होणार?

निळाई
जलरंग उन्हात उडतात. समोर खिडकी असेल तर जागा बदला. कागद आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, आहे ना? कागद काचेला टेकला तर दमट हवेत चिकटतो.

रानजाई
माउंट आहे, ऊन येत नाही. लावायचं कसं ते सांगा ना कुणीतरी! फ्रेम ४ फूट बाय ३ फूट, काच ४ मिमी. मागे दोन कड्या आणि त्यांत घट्ट ताणलेली तार. वजनाचा काटा नाही. भिंत कसली हे ओळखायचं कसं?

खटपट्या
काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिमी जाडीला अडीच किलो. म्हणजे तुमची नुसती काचच ११ किलोच्या आसपास. फ्रेम आणि मागचा बोर्ड धरून १५ समजा.
भिंतीसाठी बारीक बिटाने एक भोक पाडा आणि खाली कागद धरा. गिलावा संपल्यावर येणारा भुगा बघा. तांबडा असेल तर वीट. राखाडी आणि बिट पुढे सरकेना तर काँक्रीट. पांढुरका, पिठासारखा आणि बिट सहज आत गेलं तर हलका ब्लॉक. भोकाच्या सरळ वर-खाली स्विचबोर्ड असेल तर तिथे हात लावू नका, वायर बहुधा त्याच रेषेत असते.

झटपट
भोकं कशाला पाडता? दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्ट्या मिळतात. आठ लावा, काम झालं.

काटकोन
१५ किलोची काच चिकटपट्टीवर? पट्टी भिंतीला नाही, रंगाला चिकटते. रंगाचा पापुद्रा सुटला की सगळं खाली.
रानजाई, ती ताणलेली तार आधी काढा. तार आडवीच्या जवळ असली की ताण भयंकर वाढतो. तारेचा आडव्याशी कोन ३० अंश असेल तर प्रत्येक बाजूला पूर्ण १५ किलोचा ताण येतो. १० अंश असेल तर ४३ किलो! कड्यांचे स्क्रू उपटून येतील. दोन कड्या, दोन स्क्रू, तार नकोच.

खटपट्या
तारेबद्दल सहमत. पण दोन स्क्रू एका पातळीत यायला हवेत, दोन मिमी चुकलं तरी फ्रेम तिरकी दिसते. त्यापेक्षा फ्रेंच क्लीट करा. एक फळी लांबीतून ४५ अंशात चिरायची, एक पट्टी भिंतीवर, दुसरी फ्रेमच्या मागे, आणि एकीच्या खाचेत दुसरी बसते. डावी-उजवी सरकवताही येते.

काटकोन
शनिवारपर्यंत फळी चिरत बसतील का त्या? कड्यांमधलं अंतर कागदावर आखून तो कागद भिंतीवर चिकटवा, कागदावरूनच भोकं पाडा. नाही चुकत.

साधासरळ
पातळीसाठी मोबाइलमधलं ॲप पुरतं.

काटकोन
मोबाइलला कव्हर असतं, कॅमेऱ्याचा उंचवटा असतो. पाणसळच घ्या, लांब असेल तेवढी बरी.

रानजाई
भोक पाडलं. बोटाएवढा गिलावा, मग पांढरा मऊ भुगा, मैद्यासारखा. बिट जोर न लावता आत गेलं. साधा प्लग (स्क्रूसाठीची प्लास्टिकची गिट्टी) बसवून स्क्रू पिळला तर प्लगच गरागरा फिरतोय.

खटपट्या
हलका ब्लॉक! म्हणूनच खिळा धरत नव्हता. त्यासाठी बाहेरून पाती असलेला वेगळा नायलॉनचा प्लग मिळतो, दुकानात ‘ब्लॉकसाठी’ असं सांगून मागा. ड्रिलचा हॅमर मोड (ठोके देत भोक पाडणं) बंद ठेवा, नाहीतर भोक फाकतं. गिलाव्याची जाडी सोडून पूर्ण प्लग ब्लॉकमध्ये जाईल इतका लांब घ्या. जुन्या भोकांपासून चार बोटं दूर पाडा.

निळाई
उंची ठरवलीत का? चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवा, उभ्या माणसाची नजर तिथे असते.

रानजाई
क्लीटच केली. पट्ट्या सुताराने अर्ध्या तासात चिरून दिल्या. भिंतीवरच्या पट्टीत चार प्लग मारले, चारही घट्ट बसले. फ्रेम लावायच्या आधी पट्टीला दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं, हलली नाही. आता एकच. फ्रेम वरून पुढे आणि खालून भिंतीकडे झुकलीय. काय करू?

खटपट्या
क्लीटच्याच जाडीचे दोन तुकडे फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांत मागून चिकटवा, वर फेल्टचे ठिपके लावा. रंगही खरवडणार नाही.

रानजाई
तुकडे उरलेत. लावते आत्ताच.