अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी वृद्धाश्रम: महिना 12 हजार की 20 हजार, फरक कशात?

निवांत_दुपार: पक्षाघात झालेल्या, पूर्ण परावलंबी आजी. वजन 50 किलो, आहार नाकातल्या नळीतून. पुण्याजवळ एक जागा 12 हजार मागते, दुसरी 20. डायपर आणि औषधं दोन्हीकडे वेगळी, खोल्या सारख्याच. जाऊन काय बघायचं?

हिशेबी_माणूस: खोल्या सोडा, रात्री किती माणसं असतात ते विचारा. आठवड्याचे तास 168. बारा तासांची पाळी आणि एक सुट्टी धरली तर एकीच्या वाट्याला 72 तास. म्हणजे 10 रुग्णांमागे सतत दोन मावश्या हव्या असतील तर पाच जणी लागतात. पगार 15 हजार धरा: 75 हजार. दिवसाला 150 रुपयांप्रमाणे जेवणाचे 45 हजार, भाडं 40, एक सिस्टर 25. झाले 1 लाख 85 हजार. वीज, धुणं, स्वयंपाकीण अजून बाकीच. 12 हजारांनी जमतात 1 लाख 20 हजार. घरमालक काही भाडं सोडत नाही, मग रात्रीची मावशी कमी होते. तूट देणग्यांतून भागते म्हणाले तर पगारासाठी किती येतात ते विचारा. पाटी लावता येईल अशा खोलीला दाते मिळतात, पगाराला क्वचितच.

रात्रपाळी_सिस्टर: कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. दोघींना एका रुग्णामागे पाच मिनिटं, डायपर बदलायचा तर दहा. एकटी मावशी उचलू शकत नाही, ती ओढते. कातडी चादरीला घासते, वर लघवीची ओल, आणि बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू.

तिथल्या रुग्णांच्या नातेवाइकांना माकडहाड आणि टाचांबद्दल विचारा. लाल भाग बोटाने दाबल्यावर क्षणभर फिका पडायला हवा. लालच राहिला तर सुरुवात झाली समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतं का पाहायचं. एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलणं टळत नाही. गादीखाली तळहात सरकवा. माकडहाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. वीज गेली की पंप बंद, तेव्हा इन्व्हर्टरचंही विचारा.

नळीतून आहार देताना डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उंच हवी, नंतरही अर्धा ते एक तास. घाईत लगेच सपाट झोपवलं की अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

निवांत_दुपार: धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, असं 12 हजारवाले ठासून सांगतात.

रात्रपाळी_सिस्टर: ती संस्थेची नोंदणी, शुश्रूषेची नव्हे. त्यापेक्षा कूस बदलल्याचा तक्ता मागा. आठवडाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात असतील तर एका बैठकीत भरलाय.

हिशेबी_माणूस: नळीतून काय घालतात तेही बघा. जखम भरायची तर आजींना दिवसाला 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं लागतील. वरणाच्या पाण्यावर त्याच्या जवळपासही जात नाही. उभं राहता येत नसल्याने वजन होणार नाही, म्हणून दर महिन्याला दंडाचा घेर टेपने मोजून लिहून ठेवा.

रात्रपाळी_सिस्टर: आणि रात्री आठनंतर न कळवता भेटू देतात का, हे पैसे भरायच्या आधी लेखी घ्या. तक्रार करायची वेळ आली तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.