ब्रिटन: लायसन्स परत देताना एकट्या सीडीटी रक्तचाचणीवर विसंबावं का?

टेम्सकाठचा
दारू पिऊन गाडी चालवताना 100 मिलिलिटर रक्तात 200 मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल निघालं, दहा वर्षांत दोनदा बंदी आली किंवा नमुना द्यायलाच नकार दिला, तर ब्रिटनमध्ये चालक 'हाय रिस्क' गटात जातो. बंदी संपली तरी डीव्हीएलएच्या (तिथली लायसन्स देणारी सरकारी संस्था) वैद्यकीय तपासणीशिवाय लायसन्स मिळत नाही. तिथे रक्ताची सीडीटी चाचणी निर्णायक (सतत जास्त पिणाऱ्याच्या रक्तात वाढणारं एक प्रथिन मोजतात). 2.2 टक्क्यांपर्यंत ठीक, 2.3 ते 2.9 असेल तर आणखी चौकशी, 3 किंवा वर गेलं की नकार.

या चाळणीची भोकं फार मोठी आहेत. सीडीटी वाढायला सुमारे दोन आठवडे रोज 50 ते 80 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल लागतं. 4 टक्के बिअरच्या पाइंटमध्ये (568 मिलिलिटर) 18 ग्रॅम असतं. फक्त शनिवारी आठ पाइंट रिचवणाऱ्याच्या पोटात एका रात्रीत 144 ग्रॅम जातं, पण आठवड्याची सरासरी पडते दिवसाला 21. रिपोर्ट स्वच्छ! त्यात तपासणीची तारीख आधीच ठाऊक. त्याऐवजी पेथ ही दुसरी रक्तचाचणी घ्या. तो पदार्थ अल्कोहोलशिवाय शरीरात बनतच नाही आणि दोन ते चार आठवडे सापडतो.

दुसरीगिअर
असहमत. लायसन्स म्हणजे माळकऱ्याचं प्रमाणपत्र नव्हे. प्रश्न व्यसनाचा आहे, शनिवारच्या ग्लासाचा नाही. तिथल्या आरोग्य सल्ल्यात आठवड्याला 14 युनिटपर्यंत (युनिट म्हणजे 8 ग्रॅम) मुभा आहे. तेवढं पिणाऱ्याचंही पेथ मिलिलिटरमागे 20 नॅनोग्रॅमच्या वर जाऊ शकतं. मग नकार कशाबद्दल द्यायचा?

आणि 'तारीख कळली की पंधरा दिवस सोडायची' हे खऱ्या व्यसनी माणसाला इतकं सोपं नसतं. एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. तसा एक जरी झटका आला तरी डीव्हीएलए किमान सहा महिने गाडीपासून लांब ठेवते. म्हणजे सीडीटी उतरवायला गेला आणि लायसन्स आणखी लांबलं.

सीरमवाला
दोघेही प्रयोगशाळेत काय चुकतं ते सोडून भांडताय.

सीडीटी म्हणजे ट्रान्सफेरिन या लोह वाहणाऱ्या प्रथिनाचा साखरेच्या साखळ्या गळालेला भाग. काहींचं ट्रान्सफेरिन जन्मतःच वेगळ्या प्रकारचं असतं; तिथे न पिताही काही पद्धतींत आकडा फसवा येतो. गंभीर यकृतविकारातही तेच. म्हणून वाद असेल तर नुसता टक्का बघू नका, एचपीएलसी किंवा कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस (प्रथिनाचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या पद्धती) यांचा आलेख मागा. वेगळा प्रकार तिथे शिखरांच्या जागेवरून लगेच कळतो. दोन पद्धतींचे टक्के एकमेकांशी ताडून बघणं ही तर सर्रास होणारी चूक, कारण मर्यादा निराळ्या असतात.

दारूचा अंदाज घ्यायला आणखी दोन चाचण्या वापरतात. जीजीटी (यकृताचं एन्झाइम) लठ्ठपणात, फॅटी लिव्हरमध्ये, फेनिटॉइन या फिट्सवरच्या गोळ्यांनी वाढतं. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) बी-12 कमी असलं तरी वाढतं, आणि आपल्याकडच्या शाकाहाऱ्यांत ते कमी असणं नवीन नाही. शिवाय लाल पेशी 120 दिवस जगतात, त्यामुळे दारू सोडूनही एमसीव्ही तीन-चार महिने वरच राहतं. या दोघांपेक्षा सीडीटी कितीतरी बरी.

पेथही निर्दोष नाही. रक्त घेताना त्यात अल्कोहोल असेल आणि ईडीटीए नळी (रक्त गोठू न देणारी) तशीच बाहेर राहिली, तर नळीतच पेथ बनत जातं. कागदावर वाळवलेला थेंब त्यापेक्षा बरा.

टेम्सकाठचा
नळीचा मुद्दा मान्य. पण मग जर्मनीसारखं करा ना. तिथे दारूपासून पूर्ण लांब असल्याचं सिद्ध करायचं असेल तर लघवीतलं ईटीजी (अल्कोहोलपासून शरीरात बनणारा पदार्थ) सहा महिन्यांत चार वेळा किंवा वर्षात सहा वेळा, अचानक बोलावून. पाणी ढोसून आलेल्याचा नमुना क्रिएटिनिनवरून (लघवी किती पातळ ते दाखवणारा पदार्थ) बाद. केस द्यायचे तर 3 सेंटिमीटर म्हणजे तीन महिन्यांचा हिशेब.

दुसरीगिअर
आणि वर्षभराचं बिल? तेही चालकानेच भरायचं. ज्याच्या खिशात आहे तो सिद्ध करणार, बाकीचे बसने जाणार. शिवाय ती अचानक बोलावणी आली की पाळीच्या नोकरीवाल्याने सुट्टी कुठून आणायची?

पाऊणशहाणा
आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, ब्रिटनच्या इंग्लंड-वेल्समध्ये 80. पकडताना आपण कडक. 2019 च्या दुरुस्तीने लायसन्स परत करताना काय मागितलं, तर उजळणी प्रशिक्षण. रक्ताचा थेंबही नाही. तेव्हा सीडीटी की पेथ हा वाद सध्या परदेशी पाहुण्यांसारखा ऐकतोय.

सीरमवाला
ऐका, पण कलम 204 खाली पकडल्यावर जे रक्त काढतात ती वेगळी चाचणी, तिथे थेट अल्कोहोल मोजतात. ती त्या रात्रीचं सांगते, सीडीटी मागच्या काही आठवड्यांचं. इथे निम्मे लोक दोन्ही एकच समजतात. आणि त्या पहिल्या चाचणीला त्वचा स्पिरिटने (तेही अल्कोहोलच) पुसलीत तर वकील खूश!