विषय: बजेट बेताचं आहे, तरी प्रीनप (मालमत्ता, पैसा आणि कर्ज कुणाचं याचा लग्नाआधीचा लेखी करार) करावा का?

नमस्कार मंडळी,

आमचं लग्न पुढच्या वर्षी इथे कॅलिफोर्नियातच आहे. दोघांना पगार बरे आहेत, पण नावावर घर नाही, शेअर्स नाहीत. माझ्या होणाऱ्या नवऱ्यावर शिक्षणाचं कर्ज आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे. मी दर महिन्याला आईबाबांना पैसे पाठवते. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, प्रीनपशिवाय लग्नच करू नकोस. वकिलांची फी भरली तर हनिमूनवर पाणी सोडावं लागेल. खरंच गरज आहे का?

– सायली

---

सायली,

मी जुन्या वळणाचा माणूस, राग मानू नकोस. बोहल्यावर चढायच्या आधीच काडीमोडाचे कागद? ज्यांच्याकडे इस्टेट आहे त्यांनी करावेत हे उद्योग. तुम्ही दोघं पगारदार, वाटून घ्यायला आहे काय?

– वसंतकाका

---

काका, कर्ज आहे ना!

सायली, मी वकील नाही, पण फॅमिली लॉच्या (कौटुंबिक कायद्याच्या) ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, म्हणून काम केलंय. प्रीनप केला नाही तर राज्याचे नियम आपोआप लागू होतात. म्हणून आधी ते नियम वाचा आणि तुम्हाला पटतात का बघा. पटत असतील तर करारावर पैसे घालवू नका.

कॅलिफोर्निया हे कम्युनिटी प्रॉपर्टीचं राज्य आहे. लग्नानंतर जो जे कमावेल ते दोघांचं, निम्मं निम्मं. लग्नाआधीचं आणि वारसाहक्काने आलेलं ज्याचं त्याचं, मात्र ते सामायिक खात्यात मिसळू द्यायचं नाही.

आता त्याचं जुनं कर्ज. ज्यांचं कर्ज आहे ते वसुलीसाठी लग्नानंतरच्या सामायिक पैशाला हात घालू शकतात. पण तुझा पगार तुझ्या एकटीच्या खात्यात जमा होत असेल, त्याला त्या खात्यातून पैसे काढायचा अधिकार नसेल आणि त्यात इतर सामायिक पैसा मिसळलेला नसेल, तर त्याच्या लग्नाआधीच्या कर्जासाठी त्या पगाराला हात लावता येत नाही. हे कायद्यातच आहे आणि खातं उघडायला वकील लागत नाही. लग्नानंतर काढलेल्या कर्जाला मात्र ही सवलत नाही, तेव्हा नवीन कार्डं जपून.

आईबाबांच्या पैशांचं कुणाच्या लक्षातच येत नाही. लग्नानंतर तुझा पगार दोघांचा झाला, की जोडीदाराच्या लेखी संमतीशिवाय त्यातून भेट देता येत नाही. बहुतेक घरांत यावरून कोर्टात कुणी जात नाही, पण संसार मोडताना दर महिन्याचा हिशेब बाहेर काढलेला मी पाहिलाय. किती पाठवणार ते आत्ताच बोला आणि त्याची लेखी संमती घेऊन ठेव.

निवृत्तीच्या फंडाबद्दलही गैरसमज फार. ४०१ (के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात, मृत्यूनंतरचा पहिला हक्क नवऱ्याचा किंवा बायकोचा असतो. तो सोडायचा तर लग्नानंतर, नोटरी किंवा प्लॅनच्या प्रतिनिधीसमोर सही करावी लागते. प्रीनपमध्ये लिहून उपयोग नाही, कारण सही करणारा तेव्हा जोडीदार झालेलाच नसतो.

करार करणं कधी शहाणपणाचं? दोघांपैकी एकाच्या नावावर लग्नाआधी घेतलेलं घर असून त्याचे हप्ते पुढे पगारातून जाणार असतील, कुणाचा धंदा असेल, आधीच्या लग्नाची मुलं असतील किंवा मुलं वाढवायला एकजण नोकरी सोडणार असेल, तेव्हा. तुमचं यातलं काही दिसत नाही. मी तुमच्या जागी असते तर पैसे कर्ज फेडण्यात घातले असते.

केलाच तर इंटरनेटवरचा फुकट फॉर्म भरून लग्नाच्या आदल्या आठवड्यात सह्या करू नका. इथे अंतिम मसुदा हातात पडल्यापासून सहीपर्यंत किमान ७ दिवस जावे लागतात. पोटगी सोडण्याचं कलम असेल तर सोडणाऱ्याचा स्वतःचा वेगळा वकील हवाच, नाहीतर ते कलम टिकत नाही. मुलांचा खर्च किंवा ताबा करारात बांधून ठेवता येतच नाही.

– मेधाताई

---

मेधाताई, मनापासून आभार. त्याला मेल दाखवला. खात्याला तो लगेच तयार झाला, आईबाबांच्या पैशांवर मात्र तासभर वाद झाला, पण आकडा ठरला. काका, बघा, काडीमोडाचा विषयही निघाला नाही.

एकच शंका: पाच वर्षांत त्याला स्वतःचा धंदा काढायचाय. तेव्हा काही करता येईल का?

– सायली

---

येईल. लग्नानंतरही लेखी करार करता येतो. पण नवरा-बायकोवर तेव्हा एकमेकांशी विश्वासाने वागण्याची कायदेशीर जबाबदारी असते, त्यामुळे कोर्ट तो जास्त बारकाईने तपासतं. धंद्याचं नक्की असेल तर लग्नाआधीच वकिलाला तेवढं एकच कलम विचारा. ठरावीक कामापुरतेच पैसे घेणारे वकील असतात.

– मेधाताई

---

सूचना: वकिलांची नावं आणि फीचे अनुभव सायलीला थेट कळवा, लिस्टवर नकोत. आणि गणेशोत्सवाच्या स्वयंसेवकांचा धागा वेगळा आहे, कृपया तिथेच उत्तर द्या.

– लिस्ट व्यवस्थापक