पालकांनी रेषेबाहेर बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं? का बरं?

चोपड्याचा बाप
'पालकांनी चुन्याच्या रेषेबाहेर बसावं, पंचांशी बोलू नये, निकाल लागला की टाळ्या वाजवून घरी जावं' अशी एका कोचसरांची पोस्ट काल फिरत होती. तिला उत्तर लिहिता लिहिता एवढं लांबलं की वेगळा धागाच काढला. सर, तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेला पोरांना नेतं कोण? क्रूझर आम्ही ठरवायची, डिझेल आम्ही टाकायचं, कळण्याची भाकरी अन् ठेचा आमच्या घरून. शाळेकडून येते ती एक औषधाची पेटी, तिच्यातली मलमाची डबी रिकामी. आणि पंच कोण? बऱ्याचदा ज्या शाळेत स्पर्धा तिथलेच पीटीचे सर! माझा पोरगा मध्यरेषेला हात लावून परत आला तरी बाद दिला. तेव्हा मी काय टाळ्या वाजवायच्या?

कोच धुळे
पोस्ट माझीच. आता ऐका. मॅटवर समोर पाचच डिफेंडर उरलेले. बाप बाहेरून बोंबलतोय, 'बोनस घे, बोनस घे!' अहो, बोनस म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणारा जादा गुण, तो समोर सहा किंवा सात असले तरच मिळतो. पोरगं बापाचं ऐकून पाय टाकायला गेलं, कॉर्नरच्या डिफेंडरनं घोटा धरला, खेळ खलास. वर तोच बाप मला विचारतो, 'पोराले शिकवता काय तुम्ही?' तीस सेकंदांच्या चढाईत त्यानं किती जणांचं ऐकायचं?

चोपड्याचा बाप
बोनसचं मान्य. तो बाप मी नव्हतो, एवढं लिहून ठेवा. पंचांचं उत्तर आलं नाही.

कोच धुळे
पंचांशी बोलायला कॅप्टन आहे, मॅनेजर आहे. लेखी तक्रार करता येते. आईवरून शिवी देणं ही तक्रार नाही.

अमळनेरची आई
तुमच्याकडे बाप ओरडायला तरी येतात. माझी मुलगी खो-खो खेळते. तिच्या संघातल्या निम्म्या पोरींच्या वडिलांनी मैदान पाहिलेलं नाही. आठवीपर्यंत खेळू देतात, नववीत 'आता बस झालं'. पोलजवळ डाइव्ह मारली तर आजी विचारते, गुडघ्यावर डाग राहिला तर उद्या स्थळ कसं येईल? एखादा ओरडणारा बाप आम्हाला उसना द्या.

केळीबाग
मुळात पालक एवढे पेटतात कशासाठी? खेळाच्या प्रेमापोटी? दहावी-बारावीचे ग्रेस मार्क आणि सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण, बस्स. आमच्या ओळखीतल्या एकानं असा खेळ हुडकून काढला की अख्ख्या जिल्ह्यात संघच मोजके. उतरलं की नंबर. पोराला विचारलं मैदान केवढं असतं, तर वडिलांकडे बघायला लागलं.

रावेर एक्स्प्रेस
आले मार्कांवर! ते 5 टक्के हक्काचे आहेत. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, सरकारनं डीवायएसपी केलं. ते काय फुकट दिलं?

केळीबाग
2014, 2015, 2016, सलग तीन गदा. त्या माणसाचं नाव तुमच्या लॅमिनेट केलेल्या कागदाशेजारी ठेवू नका. बोगस प्रमाणपत्रांवर नोकरीला लागलेले लोक राज्यात पकडले गेलेत. क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांची प्रमाणपत्र पडताळणी हौस म्हणून ठेवलेली नाही.

रावेर एक्स्प्रेस
'तुमच्या' म्हणजे कोणाच्या? माझा पोरगा विभागाला खेळलाय, नाशिकला, स्वतःच्या दमावर. नाव घेऊन बोल, नाही तर गप्प बस.

केळीबाग
एवढं झोंबलं का भो?

रावेर एक्स्प्रेस
तुले काय करनं शे?

निवृत्त पीटी सर
दोघं थांबा जरा. स्पर्धा येतात भर पावसाळ्यात, चाचणी परीक्षेच्या तोंडावर. तालुका, जिल्हा, विभाग करता करता खऱ्या खेळाडूचा अभ्यास बुडतोच. त्याला मार्क मिळाले तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण कबड्डीचा संघ 12 जणांचा, आत उतरतात 7. उरलेल्या 5 जागांसाठी माझ्या घरी कोण कोण चहाला येऊन गेलं, ते लिहिलं तर गावात राहणं मुश्कील होईल. सरावाला कधी न दिसलेलं पोरगं राखीव म्हणून टाका, एवढीच 'विनंती'. आणि आरडाओरड सोडा, मी त्याहून वाईट पाहिलंय. वजनी गटात बसावं म्हणून बापानं पोराला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलं, पाणीसुद्धा घोटभर. वजन बसलं. पहिल्या हाफमध्ये पोरगं चक्कर येऊन पडलं, आणि बाप म्हणतो, नाटक करतोय.

कोच धुळे
सर, हे मी पोस्टमध्ये लिहिलं असतं तर आणखी चार धागे निघाले असते. म्हणून फक्त 'तोंड बंद' लिहिलं.

चोपड्याचा बाप
उपाशी ठेवणाऱ्याला मैदानावर येऊच देऊ नका, त्यात वाद नाही. बाकी तुमच्या समाधानासाठी रेषेबाहेर बसतो, तोंडाला रुमालही बांधतो. यजमान शाळेचा पंच दिसला की रुमाल सोडणार.

कोच धुळे
सोडा. आधी ग्रीन कार्ड म्हणजे ताकीद, मग यलो. दोन मिनिटं गेटबाहेर, खेळाडूसारखंच.

चोपड्याचा बाप
चालेल. पंचालाही एक कार्ड ठेवा खिशात.

अमळनेरची आई
मार्कांवर एवढं रामायण झालं. नववीतल्या पोरींच्या वडिलांबद्दल मात्र कोणी एक ओळ लिहिली नाही.

केळीबाग
ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण आधी रावेरवाल्यांनी सांगावं, विभागाला पोरगा मॅटवर उतरला होता की बाकावर होता?

रावेर एक्स्प्रेस
प्रमाणपत्राचा फोटो टाकतो थांब.

केळीबाग
टाका. प्रमाणपत्र बाकावरच्यालाही मिळतं.