"समजलं ना?" विचारून भागत नाही

वर एकांनी लिहिलंय की डिस्चार्जच्या वेळी नर्सने डोस सांगितला, "समजलं ना?" विचारलं, नातेवाईक "हो" म्हणाले, की शिकवण्याचं काम झालं. मला नाही पटत. घरी जायची घाई असलेला माणूस "हो"च म्हणणार! लहान मुलांच्या पातळ औषधासाठी मी सिरिंज पालकांच्याच हातात देते आणि म्हणते, "किती द्याल, भरून दाखवा बरं." गोंधळ तिथेच दिसतो. दट्ट्याची टोकाकडची कड रेषेवर आणायची की मागची? (टोकाकडची.) मोठा बुडबुडा राहिला तर तेवढं औषध कमी जातं. आणि औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं, थेट घशात पिचकारी नाही. घरातले चमचे मापाला बादच.

चर्चेत न आलेली एक गोष्ट म्हणजे औषधाची तीव्रता. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये बरेचदा 1 मि.लि.ला 100 मि.ग्रॅ. असतं, सिरपमध्ये 5 मि.लि.ला 125 किंवा 250. सिरपच्या सवयीने कुणी ड्रॉप्स 5 मि.लि. पाजले तर 500 मि.ग्रॅ. गेलं, म्हणजे 125च्या सिरपच्या चौपट. त्यामुळे कागदावर नुसतं "5 मि.लि." लिहून देऊ नये, मि.ग्रॅ. आणि बाटलीवरची तीव्रताही लिहावी. सर्दीच्या मिश्र औषधांतही अनेकदा पॅरासिटामॉल असतं, तेव्हा घरी आधीपासून कुठली बाटली उघडी आहे हेही त्याच वेळी विचारून घ्यावं.