बारावीनंतर भावाला बांधकामात कारागीर व्हायचंय: आयटीआय करावं की साइटवरच शिकावं? मदत हवी आहे

सावली

नमस्कार. धाकट्या भावासाठी सल्ला हवा आहे. वय वीस, बारावी कला शाखेतून पास, पुढे कॉलेजात मन लागलं नाही. आमचं गाव वसमत तालुक्यात. शेती कोरडवाहू, तिच्यावर सगळ्यांचं भागत नाही. दिवाळीनंतर तो गावातल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पुण्याला वाघोलीकडे गेला आणि एका इमारतीच्या साइटवर बिगारी म्हणून लागला. घरच्यांना वाटलं महिनाभरात परत येईल. तो काही आला नाही. आता फोन केला की सळ्या, रिंगा (सळ्यांभोवतीची कडी), सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) याशिवाय दुसरा विषय नसतो. त्याला याच कामात राहायचंय, पण कारागीर होऊन.

मला हे मनापासून आवडलंय. आमच्याकडे कितीतरी पोरं भरतीच्या पुस्तकांवर उमेदीची वर्षं घालवतात, आणि हा हाताने काही शिकू बघतोय. आई-बाबांना मात्र ही नुसती मजुरी वाटते. त्यांच्यापुढे ठेवता येईल असा पक्का रस्ता मला हवा आहे.

त्याचा ओढा सळई बांधायच्या कामाकडे, म्हणजे फिटिंगकडे आहे. तिथला मिस्त्री त्याला अधूनमधून रिंगा वाकवायला देतो, पण ड्रॉइंगला हात लावू देत नाही. बिगारीचा फिटर कसा होतो? मिस्त्री आपणहून शिकवतात, की मागे लागावं लागतं?

आयटीआयचा विचार केला, पण विसाव्या वर्षी प्रवेश मिळतो का? इलेक्ट्रिशियन, वायरमन, प्लंबर, गवंडी हे ट्रेड दिसले, सळईचा वेगळा दिसला नाही. शिवाय तेवढी वर्षं हजेरी (रोजची मजुरी) बुडणार.

अजून दोन गोष्टींची काळजी आहे. मुकादम त्याला वीस हजार उचल (आगाऊ रक्कम) देतोय, घ्यावी का? आणि गावाकडचा एक जण 'आखातात फिटरला भरपूर पगार' म्हणून दीड लाख मागतोय. बाबा त्यासाठी कर्ज काढायला निघालेत.

ओळंबा

ताई, मी पिंपरी-चिंचवडला सेंट्रिंग आणि सळईचं लेबर कॉन्ट्रॅक्ट घेतो. सुरुवात मीही बिगारी म्हणूनच केली.

आधी उचलीचं. घेऊ नका. उचल फिटेपर्यंत मुकादम सोडता येत नाही, आणि जिथे शिकायला मिळत नाही तिथून उठून दुसऱ्या टोळीत जाता येणं, हीच शिकणाऱ्याची खरी ताकद असते. हजेरी दर आठवड्याला रोख किंवा खात्यावर घ्यावी आणि स्वतःच्या वहीत रोजची नोंद ठेवावी.

आता फिटिंग. रिंगा वाकवणं महिना-दोन महिन्यांत येतं. फिटर आणि बिगारी यांच्यात फरक पडतो तो वाचण्याने. ड्रॉइंगवर '8 मिमी, 150 सेंटर टू सेंटर' लिहिलंय म्हणजे काय, बीमची वरची सळई कॉलमजवळ का वाढवली, लॅप (दोन सळ्यांचा एकावर एक जोड) कुठे द्यायचा आणि कुठे द्यायचा नाही, हे कळलं की माणूस हाताखाली राहत नाही. बारावी पास पोराला हे अवघड नाही. वजन काढायचं सूत्र त्याला आजच सांगा: मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. 12 मिमीची सळई मीटरला 0.89 किलो, म्हणजे 12 मीटरची अख्खी सळई साधारण पावणेअकरा किलो. सळईचं लेबर टनावर ठरतं. ज्याला टन काढता येतो त्याला कुणी फसवू शकत नाही, आणि पुढे ठेका घ्यायचा तर हे यावंच लागतं.

मिस्त्री ड्रॉइंग दाखवत नसेल तर साइट इंजिनिअरला धरायचं. स्लॅब भरण्याच्या आधी इंजिनिअर सळईचं चेकिंग करतो. त्या वेळी टेपचं दुसरं टोक धरायला आपला माणूस पुढे हवा. तो काय मोजतो, कुठे थांबतो, काय सोडवून पुन्हा बांधायला लावतो, ते डोळ्यांत भरून घ्यायचं. कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे) आहेत का, कॉलमला 40 मिमी कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) सुटतंय का, रिंगेचा हुक 135 अंशात आत वळवलाय का. हा हुक नीट शिकायला सांगा. घाईत 90 अंशावर सोडलेला हुक भूकंपात उघडतो आणि रिंग सळईला धरून ठेवत नाही. तुमच्या वसमतकडे जमिनीचे हादरे नवीन नाहीत, तेव्हा उद्या हा गावात घरं बांधेल तेव्हाही कामाला येईल.

प्रमाणपत्र हवं असेल तर एल अँड टीची बांधकाम प्रशिक्षण संस्था पनवेलला आहे. तिथे सळईकाम आणि फॉर्मवर्क सुतारकामाचे काही महिन्यांचे कोर्स असतात. पुढची बॅच कधी, ते फोन करून विचारा.

आणि वर्षात 90 दिवस काम भरलं की बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या. वयाची अट 18 ते 60. काम केल्याचा दाखला ठेकेदाराने दिला नाही तर ग्रामसेवक किंवा महापालिकेकडून मिळवता येतो. बांधकामाच्या खर्चावर जो एक टक्का उपकर घेतात तो याच मंडळाकडे जातो, तो पैसा कामगारांचा आहे. आई-बाबांना ते कार्ड दाखवा.

तारतंत्री

ओळंबा यांचं बहुतेक पटलं, पण एक बाजू राहिली. सळईचं काम उन्हात आणि दिवसभर वाकून. चाळिशीत कंबर आणि गुडघे बोलायला लागतात, तोवर ठेकेदार झाला नाही तर पुढे कठीण. आयटीआयला किमान वय 14 लागतं, वरची मर्यादा नाही, त्यामुळे विसाव्या वर्षी प्रवेश मिळेल. इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन दोन वर्षांचा. पुढे विद्युत निरीक्षक खात्याचा तारतंत्री परवाना, महावितरणची विद्युत सहायक भरती, आणि वाटलं तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. इमारत तीच, पण दारं जास्त. मी स्वतः असाच आलो आणि आज सोसायट्यांची वायरिंगची कामं घेतो.

ओळंबा

खरं आहे, कंबरेचं नाकारत नाही. पण पोराचा जीव सळईत असेल तर जबरदस्तीने वायर हातात देऊ नका. पाच-सात वर्षांत टोळी उभी करायची, हे आत्तापासून डोक्यात ठेवायला सांगा. आणि उंचीवर काम असेल तर हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट नसताना वर चढायचं नाही, मुकादम कितीही ओरडला तरी.

मस्कतकर

ताई, बाबांना आजच थांबवा. परदेशी कामावर पाठवणाऱ्या एजंटाकडे सरकारी नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट या सरकारी साइटवर तपासता येते. नोंदणी असलेला एजंटही सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही, आणि त्याची पावती द्यावी लागते. दीड लाख मागणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागा, बहुतेक तिथेच बोलणं संपेल. इथे आखातात फिटरला काम आहे, पण ट्रेड टेस्ट घेतात, हातात सळई आणि समोर ड्रॉइंग ठेवून. आधी देशात तीन-चार वर्षं पक्की होऊ द्या. हेल्पर म्हणून आला तर हेल्परच राहतो, इथे वर चढवून घ्यायला कुणाला वेळ नसतो.

सावली

सगळ्यांचे मनापासून आभार. उचल नको म्हणून त्याला सांगितलं, त्यालाही पटलं. एजंटाकडे नोंदणी क्रमांक मागितला तर 'नंतर देतो' म्हणाला, बाबांनी कर्जाचा विषय सोडला. तारतंत्री यांचं म्हणणं भावापुढे ठेवलं, पण त्याला सळईच करायची आहे. 162 चं सूत्र सांगितलं तर त्याने तिथल्या तिथे 16 मिमीचं वजन काढून दाखवलं.

पनवेलच्या कोर्सची चौकशी उद्या करते. तिथे कुणी शिकलं असेल तर कृपया लिहा: राहण्याची सोय कशी आहे, आणि बाहेर पडल्यावर फिटर म्हणून काम मिळतं की पुन्हा हेल्परपासूनच सुरुवात करावी लागते?