मदत हवी आहे: रॅम वाढवायला गेलो, आता अख्खं मशीन बदलू का?

नमस्कार मंडळी,

२०१९ मध्ये जुळवलेलं मशीन आहे. एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक. दिवसा अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर), रात्री थोडं गेमिंग. एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) चालू केला की १६ जीबी भरते आणि ॲपची एक बिल्ड, म्हणजे कोडचं ॲप, होईपर्यंत माझा चहा करून, पिऊन, कप विसळून होतो.

पुण्याच्या तापकीर गल्लीत नुसती रॅम घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "डीडीआर४ संपली साहेब, डीडीआर५ वर या." म्हणजे एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट) बोर्ड, म्हणजे प्रोसेसरही नवा. नाल सापडली म्हणून घोडा घ्यायचा!

इंटेलच्या १२व्या पिढीच्या प्रोसेसरना (नोव्हेंबर २०२१) डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींचे बोर्ड मिळायचे. एएमडीने सप्टेंबर २०२२ मध्ये एएम५ आणताना डीडीआर४ ला दारच लावलं. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये जुन्या एएम४ सॉकेटवर (माझा बोर्ड त्याचाच) ५८००एक्स३डी प्रोसेसर दिला होता, ९६ एमबी एल३ कॅशचा (कॅश म्हणजे प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी), आणि तो डीडीआर४ वर राहून गेममध्ये डीडीआर५ वाल्या इंटेलला घाम फोडत होता. मग खरा फरक कशाने पडतो, रॅमने की कॅशने?

प्रतिसाद: आधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड किती दिसतो ते सांगा.

धागाकर्ता: २१३३. पाकिटावर ३२०० छापलंय!

प्रतिसाद: वाटलंच. बायोसमध्ये (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवायची सेटिंग, बंद आहे, इतकी वर्षं अर्ध्या पगारावर राबवलीत बिचारीला. चालू करा. २६०० चा अधिकृत आकडा २९३३ आहे, ३२०० ला अडखळला तर तिथे आणा.

कॅशचं म्हणाल तर, हवा तो डेटा कॅशमध्ये सापडला की रॅमपर्यंत हेलपाटा पडत नाही. म्हणून एक्स३डीला मंद रॅम फारशी जाणवत नाही. पण ही गंमत मुख्यतः गेममध्ये. तुमच्या बिल्डला कोअर हवेत आणि जीबी. ८ कोअरचा ५७००एक्स आणि १६ च्या दोन स्टिक घ्या, बोर्ड तोच राहू द्या. ८ च्या आणखी दोन घालू नका, चार स्टिक झाल्या की वेग उतरवावा लागतो. एएम५ वर तर फारच: रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२००, चारवर ३६००.

आणि २६०० काढायच्या आधी बायोस अपडेट करा, जुना बायोस नवा प्रोसेसर ओळखणार नाही. नंतर स्क्रीन काळी दिसली तर इथे रडू नका.

धागाकर्ता: ३२०० ला विंडोज उघडेना, २९३३ ला मस्त चाललंय. रॅम उद्या आणतो. बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर? आमच्याकडे गुरुवारी जातेच.

प्रतिसाद: मग शुक्रवारी करा. यूपीएस लावून.